पाण्यानं आखलेल्या रेषा

आजवर मी लोकांना हजारेक किस्से ऐकवले असतील. त्यातले नऊशे नव्व्याण्णव फुगवलेले. नागपूरच्या उन्हात आमच्या म्हशीचं दूध उकळूनच बाहेर यायचं, नुसती चहापत्ती टाकायची – हा माझाच. उरलेला एक खरा आहे, आणि नेमका तोच कधी तोंडातून निघाला नाही. बायकोसमोर नाही, दोन पेग पोटात गेल्यावर मित्रांसमोरही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मधेच हसून टाळी मागणार नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका खेळाची आहे. म्हणजे – खेळाची नाही. पण सुरुवात तिथून करू द्या.

आम्ही राहतो टेक्सासमधल्या शुगर लँडला, आमची गल्ली जिथे गोल होऊन संपते तिथे. शेजारच्या घरात लोला राहायची. लोला म्हणजे त्यांच्या फिलिपिनो भाषेत आजी. तिला अख्खी गल्ली त्याच नावानं हाक मारायची. उंचीला आमच्या मेलबॉक्सपेक्षा बोटभर जास्त. चाळीस वर्षं नर्स होती. नवरा गेलेला, मुलगा दूर सिॲटलला. रिटायर झाल्यावर दर शनिवारी ती गल्लीतल्या पोरांना तिच्या गावचे खेळ शिकवायला लागली. एकानं ओणवं होऊन गाय व्हायचं, बाकीच्यांनी तिच्यावरून उडी मारायची, आणि दर फेरीला गाय थोडी थोडी उंच होत जाणार. रिकामा डबा उभा करायचा आणि लांबून चपला फेकून पाडायचा. ज्याच्यावर राज्य त्यानं डबा पुन्हा उभा करून, चपला उचलायला आलेल्यांना पकडायचं.

आणि पाटिंतेरो. जमिनीवर मोठा चौकोन, त्यात आडव्या रेषा आणि मधोमध एक लांब उभी रेषा. एका संघातले गडी रेषांवर उभे राहून पहारा देणार, दुसऱ्या संघानं त्यांच्या हातून निसटत पार टोकापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. राखणाऱ्याचा हात लागला की बाद. पण हात लावताना राखणाऱ्याचे पाय रेषेवरच हवेत – रेष सुटली तर हात लागला काय, न लागला काय, सारखंच.

“अरे, या तर आपल्या आट्यापाट्या!” मी पहिल्याच दिवशी ओरडलो. आणि तिथेच फसलो. कारण शुगर लँडच्या मराठी मंडळींना मी पंधरा वर्षं सांगत आलो होतो की आट्यापाट्यांत विदर्भात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी मैदानात उतरलो की समोरच्या संघातली पोरं घरी निरोप पाठवायची, जेवायला थांबू नका म्हणून. खरं काय होतं? शाळेच्या संघात मी खेळाडूंचे शर्ट सांभाळायचो.

एका शनिवारी आमच्याकडे दहा-बारा माणसं जेवायला होती. त्यातला माझा मित्र शेखर म्हणाला, “चल, दाखव ना तुझं विदर्भ.” गेलो. लोला फुलाफुलांचा गाऊन आणि रबरी चपला घालून मधल्या रेषेवर उभी. सत्तरीची बाई हो! सात वेळा शिरलो, सातही वेळा बाद. सातव्यांदा तर तिला हातसुद्धा लावावा लागला नाही. मी आपणहून गवतात आडवा झालो. ती धावत आली, माझं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत नाडी मोजली – सगळ्यांसमोर. मग पोरांना म्हणाली, “आजपासून हा सालिंग पुसा. याला कुणी बाद करायचं नाही.” सालिंग पुसा म्हणजे खेळात घुसलेलं मांजर. बारकं पोर रडू नये म्हणून खेळायला घेतात, पण त्याचं बाद होणं मोजत नाहीत, ते.

माझी इरा तेव्हा अकरा वर्षांची. एरवी मराठीत उत्तर द्यायला तिचा जीव जातो. त्या दिवशी मात्र खड्या आवाजात ओरडली, “बाबा, दॅट्स कच्चं लिंबू!”

पुढचं सांगायला हवं का? शेखरनं व्हिडिओ काढला होता. गणपतीच्या आरतीनंतर बायका म्हणायच्या, “लिंबूकाका, प्रसाद घेतला ना?” कुणीतरी आमच्या दारात पाच पौंड लिंबांची पिशवी ठेवून गेलं. बायकोनं त्याचं लोणचं घातलं – आणि ते दीड वर्ष मला वाढलं.

राग शेखरवर धरायला हवा होता, नाही? चिडवलं त्यानं. पण तो माझ्यासारखाच. त्याच्याशी फिटंफाट करता येते. लोलानं मला चिडवलं नव्हतं. माझं हृदय बंद पडेल म्हणून ती घाबरली होती, तिनं मला सांभाळून घेतलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण अपमान पचतो हो – दया नाही पचत. मी दोन वर्षं तो राग निखाऱ्यासारखा राखेखाली जपला. तिला रोज “गुड मॉर्निंग, लोला” म्हणायचो, आणि मनात म्हणायचो, थांब. तुझीही वेळ येईल.

वेळ आली. आमच्या वस्तीच्या क्लबहाउसची कमिटी लोलाला दर शनिवारी खेळांचा वर्ग द्यायला तयार झाली. अट एकच – आधी आईबापांसमोर एक सामना करून दाखवायचा, त्यांना आवडलं पाहिजे. त्या वर्गासाठी तिचा जीव किती टांगणीला लागला होता! वही केली होती तिनं. एका पानावर एक खेळ, प्रत्येकाचं चित्र, खाली नियम. रिकाम्या घरात संध्याकाळी तेच रंगवत बसायची. सामना ठरला आईबाप विरुद्ध मुलं. मुलांच्या बाजूनं मधली रेषा लोला राखणार. आणि पंच कोण? ती स्वतः माझ्या दारी आली. म्हणाली, “तुला हा खेळ कळतो. तू लहानपणी खेळलायस.”

माझी थाप खरी मानणारी जगात एकटी तीच उरली होती.

तिनं विचारलं, रेषा टेपनं आखू का? पिवळी टेप आणून ठेवलीय. मी म्हणालो, “टेप कसली, लोला? तुमच्या गावी कशानं आखायचात?” “पाण्यानं,” ती म्हणाली, “डब्याला भोक पाडून.” “मग पाण्यानंच आख. लोकांना खरा खेळ दिसू दे.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या गावाची कुणाला तरी किंमत आहे, असं वाटलं असेल तिला.

टेक्सासचा जुलै, दुपारचे चार, उघडं काँक्रीट. पापड टाकला तर भाजून निघेल. (ही थाप नाही. बरं, थोडी आहे.) आदल्या दिवशी मी आमच्या ड्राइव्हवेवर मगभर पाण्याची रेष ओढून मोबाइलवर वेळ लावली होती. साडेतीन मिनिटांत वाळली. म्हणजे बघा – रागाच्या भरात जीभ घसरली, अशी पळवाट मी स्वतःच बंद केली होती.

सामना झकास झाला. दर फेरीआधी लोला डबा घेऊन रेषा ओली करायची, लोक टाळ्या वाजवायचे. शेवटच्या फेरीत आईबापांकडून एकटा शेखर उरला. तो टोकाला जाऊन परत आला, सगळ्यांत शेवटच्या रेषेवर इरा उभी होती, तिला चुकवून तो निसटणार – तोच लोला मधल्या रेषेवरून सुळकन आली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. पोरांनी आभाळ डोक्यावर घेतलं.

“पाय बाहेर होता यार तिचा!” शेखर ओरडला. तो पत्त्यांतही असंच ओरडतो. पोरांचा गलका शमून सगळ्यांनी खाली पाहिलं, तोवर रेष वाळून गेली होती. पांढरं, कोरडं काँक्रीट. लोला माझ्याकडे वळली. ती हसत होती हो. तिला काळजीच नव्हती. “सांग त्यांना,” म्हणाली.

मी म्हणालो, “बाहेर होता.”

इथे थांबलो असतो तर पंचाची चूक म्हणून खपलं असतं. मी थांबलो नाही. आवाज अगदी मऊ केला आणि म्हणालो, “सॉरी, लोला. पण मुलं बघतायत. त्यांच्यासमोर तरी असं नको करूस.” ‘असं’ म्हणजे कसं, ते मी बोललो नाही. ते काम आईबापांवर सोडलं, आणि त्यांनी ते चोख केलं. एक आई कमिटीवाल्या बाईंना हळूच सांगत होती, आपल्याला आधीपासूनच शंका होती म्हणून. कसली शंका? कुणाला कधी कसलीही शंका नव्हती.

लोलानं एकदा स्वतःच्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नर्स होती ती. कोण कुठे दुखतंय हे लपवतोय, ते तिला ओळखता यायचं. डबा उचलून घरात गेली. क्लबहाउसचा शनिवार योगाला मिळाला. गल्लीतले खेळही तिनं बंद केले. पुढच्या वर्षी घर विकून मुलाकडे गेली. जायच्या दिवशी घरोघर निरोप घेत फिरत होती. आमची बेल वाजली. मी दाराच्या आत उभा होतो. उघडलं नाही.

मला वाईट वाटलं का, विचारताय? त्या संध्याकाळी मी तीन वाट्या आमरस प्यालो. त्या दिवसापासून मला कुणी लिंबू म्हटलं नाही; पंचकाका म्हणायला लागले. सूड गोड असतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. अजूनही कधी कधी जिभेवर येतो.

सामना संपल्यावर इरानं मला एकटं गाठून विचारलं होतं, “बट आय सॉ हर फुट, बाबा. ऑन द लाइन होता ना?” मी म्हणालो, “नाही बेटा. तुला लांबून तसं वाटलं.” तिनं क्षणभर विचार केला. मग मान डोलावली.

गेल्या महिन्यात ती कॉलेजातून मैत्रिणींना घेऊन आली. एकोणीस वर्षांची झालीय, सुट्टीत कॅम्पवर मुलांना खेळ शिकवते – लोलाचेच. जेवताना त्यांना सांगत होती, माझी पहिली टीचर, बेस्ट एव्हर. आणि मग, जरा थांबून – “शी चीटेड वन्स, दो. माय डॅड कॉट हर.” आणि माझ्याकडे पाहिलं. अभिमानानं.

मी शेजारच्या मुलीला कोशिंबीर वाढली.

लोलाचे दोन्ही पाय रेषेवर होते. रेष तेव्हा अजून ओली होती. मी तीन फुटांवरून पाहिलं होतं.