खड्डा दाखवायचा हात

“पुढे खड्डा आहे. तिला दाखवू नकोस, कॅरिअर किती टिकतं बघू.”

हे मराठीत. माझ्या पुढच्या सायकलींवरचे दोघं, हसत, मला कळत नाही असं समजून. पुढच्या सेकंदाला माझं चाक खड्ड्यात, मी रस्त्यावर, कोपर सोललेलं, चेन उतरलेली.

थांबा, आधीचं सांगते. मी निपाणीची, कर्नाटकातली, पण घरी मराठी. बेंगळुरूजवळ आनेकलला एका कारखान्यात माल तपासायला आहे, रोज सायकलनं जाते. दादाची जुनी सायकल, मागं कॅरिअर, कॅरिअरला डबा बांधायची दोरी. बेंगळुरूतल्या एचएसआर लेआउटच्या एका सायकल क्लबची रविवारची शंभर किलोमीटरची राइड होती, सगळ्यांना खुली. त्यांनी ग्रुपवर नियम पाठवले, ते मी पाठ केले, खरंच पाठ! कुणाला मागं सोडायचं नाही. सगळ्यांशी हसून बोलायचं. खड्डा दिसला की हात खाली करून बोटानं दाखवायचा, मागच्यानं त्याच्या मागच्याला, असं शेवटच्यापर्यंत. आठ दिवस कारखान्याला जाताना मी खड्डे दाखवत गेले. मागं कुणी नसताना! एक बस ड्रायव्हर बघून हसला पण.

आणि तिथं? सकाळी टपरीवर मी चहात साखर कमी टाका असं कन्नडमध्ये सांगितलं. झालं, मी कन्नड ठरले. क्लबचा कॅप्टन पुण्याचा. बेंगळुरूत सहा वर्षं, कन्नड शब्द चार. “बन्नी अक्का, बन्नी!” या ताई, या, असं गोड बोलून मला सगळ्यात मागं लावलं. आणि तितकंच गोड हसत अद्वैतला, त्याच्या दोस्ताला, मराठीत, “दूध घालायला निघालीय वाटतं. फोटोत घेऊ नकोस हां हिला.”

मी काय केलं? हसले. हो, हसले! ते दोघं माझ्या पुढंच, चाळीस किलोमीटर ऐकत राहिले. माझ्या सायकलवर, माझ्या चपलांवर, ओढणी कमरेला बांधली त्यावर. मधेच ते वळून अंगठा वर करायचे, मीपण करायचे. मला कळतंय हे त्यांना कळलं तर रांगेतून काढतील, ही भीती. मला त्या रांगेत राहायचं होतं. बोला! असल्या माणसांच्या रांगेत.

पडले तेव्हा सगळे थांबले. नियम ना! कॅप्टननं गॉगल वर केला, पाण्याची बाटली पुढं केली. “ओके अक्का? नो प्रॉब्लेम. वी वेट फॉर एव्हरीवन.”

ती बाटली बघून माझं डोकंच सटकलं.

“खड्डा दाखवला असता तर पाणी लागलं नसतं,” मी म्हटलं. मराठीत.

अद्वैतची मान खाली. कॅप्टन मात्र दोन सेकंदात हसायला लागला.

“अगं, तू मराठी? आधी सांगायचं ना! आपलीच निघालीस की!”

आपलीच. कोपरापेक्षा हे जास्त झोंबलं. माणूस पाडला त्याचं काही नाही. चुकीचा माणूस पाडला, एवढीच हळहळ.

“कन्नड असते तर पाडलेलं चाललं असतं?”

“तसं नाही गं, मस्करी होती. चल, आता रांगेत पुढे जाऊ, तू माझ्या मागे. सगळे खड्डे मी स्वतः दाखवतो.”

“नको. मी तुमची नाही. अक्काच म्हणा.”

चेन चढवली, हात काळे झाले, तशीच एकटी निघाले. थोड्या वेळानं मागून त्यांचा आवाज आला, महागड्या चाकांची ती टिकटिक. आणि पुढं खड्डा. चांगला खोल. हात हँडलवरच राहिला. पडू देत, वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग हात खाली केला. बोट दाखवलं.

माया नव्हती त्यात. नियम तुम्ही लिहिला होता, पाळला मी. एवढं तुम्हाला दिसावं म्हणून.

“थँक्स!” मागून कुणीतरी ओरडलं. मी अंगठा वर केला नाही.

घरी येऊन ग्रुप सोडला. आनेकलच्या रस्त्याला मी रोज असते, कॅरिअरसकट. मागं कोण आहे, काय बोलतोय, न बघता खड्डा दाखवणार. पण रांगेत जागा मिळावी म्हणून हसणार नाही. आणि पुढच्या वेळी चाळीस किलोमीटर नाही, पहिल्याच शब्दाला सांगणार. मला कळतं.