डिम्प्नाचे आजोबा आणि दारातला पियानो

आमच्या शेजारची डिम्प्ना ब्रॉडर गेली बावीस वर्षं किलत्राना हाऊसमध्ये पाहुण्यांना घर दाखवते. हवेली इंग्रज जमीनदारांची, पण डिम्प्ना अशा तोऱ्यात फिरते, जणू तिनंच ती त्यांना भाड्यानं दिली होती.

दर्शनी पायऱ्यांवर आली की तिचा आवाज चढतो. "एकोणीसशे तेवीस साली माझे आजोबा इथं पेट्रोलचा डबा घेऊन उभे होते!" इंग्रज जमीनदारांवर उठलेली गावातली बंडखोर पोरं हवेली जाळायला आलेली, पण रीतभात सोडली नव्हती. हवेलीच्या बाईसाहेबांना म्हणाली, आधी सामान बाहेर काढून देतो. काढता काढता पियानो दारात अडकला. तो सुटेपर्यंत उजाडलं, सैनिकांची लॉरी आली आणि पोरं पसार. हवेली राहिली.

यंदा नव्या व्यवस्थापकाला, फर्गलला, बाईसाहेबांची डायरी सापडली. त्यात लिहिलेलं, 'ब्रॉडर मागच्या दारानं येऊन सांगून गेला. उद्या जाळायला येतोय, चांदी पुरून ठेवा.' हे पान चौकटीत घालून भिंतीवर लावायचं का, ते सोमवारी हवेलीची समिती ठरवणार होती.

आमच्या गावात एकदा खबऱ्या म्हणून नाव पडलं की पिढ्यान्‌पिढ्या पुसत नाही. तरी माझी जीभ वळवळलीच.

"डिम्प्ना, आजोबा भलतेच सभ्य गं! जाळायची वेळ ठरवून आले."

"हस, मॉस, हस. तू आहेस ना समितीवर? पान लागलं तर मी तोंड कुठं दाखवू?"

"इतिहास आहे बाई तो. मी काय करणार?"

रविवारी मिस्सा सुटली आणि चर्चच्या फाटकातच तिनं तोंड उघडलं. "लावा पान, खुशाल लावा! मग मीही सगळं सांगेन. त्या रात्री हिरवळीवर चोवीस खुर्च्या काढल्या, परत आत सहाच गेल्या. बाकीच्या कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात आहेत, ते पाहुण्यांना नावानिशी सांगेन. फादर, तुमच्याकडची धरून!"

फादर कानापर्यंत लाल झाले.

सोमवारी समितीत सगळ्यांना एकदम शाईची काळजी वाटायला लागली. शाई फिकी आहे, उजेड सोसायची नाही.

"मग झेरॉक्स लावू की," फर्गल म्हणाला.

"झेरॉक्सलाही सोसत नाही," फादर म्हणाले.

डायरी कपाटात ठेवून कुलूप लावायचं ठरलं. सगळ्यात आधी हात मी वर केला. माझ्याकडे त्या खुर्च्यांतल्या दोन आहेत, हातांच्या. पाठीला फार बरं पडतं.