कड लागली होती

टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली की घरातले मला खोलीत एकटा सोडून जातात. कारण मी शर्यत बघत नाही, चौकशी करतो. पुढच्या गाडीवाल्याने मागच्याला वाट दिली की मी म्हणतो, "याला आतून सांगितलंय." टायर बदलायला हा नेमका आत्ताच का थांबला, त्याच्या माणसाने कानातल्या यंत्रात काय पुटपुटलं, सगळीकडे मला काहीतरी शिजताना दिसतं. क्रिकेटचं तर विचारूच नका. बॉलरचा पाय रेषेच्या हातभर पुढे पडला की मी बायकोला हाक मारतो. ती कणकेच्या हातांनी बाहेर येते, बघते आणि म्हणते, "घसरला असेल हो बिचारा." इतक्या भोळ्या बाईबरोबर मी एवढी वर्षं संसार कसा केला याचं मला नवल वाटतं. तिलाही साधारण तसलंच काहीतरी नवल वाटत असावं.

हा सगळा शौक बसल्या जागेवरचा. माझी स्वतःची गाडी साठच्या वर गेल्याचं मला आठवत नाही. एकदा धारवाडच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरने मला मागे टाकलं, तेही दोन ट्रॉल्यांसकट. तेव्हा आमची मुलगी मागच्या सीटवर खाली वाकून बसली, कुणी ओळखीचं बघायला नको म्हणून. वळणावर गाडी कुठून घालावी यावर मात्र मी तासभर बोलू शकतो.

तर याच मुलीने एके दिवशी जेवताना सांगितलं की तिने एक मुलगा पसंत केलाय. तिच्याच ऑफिसातला, वडिलांचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. बायकोला हे आधीपासून माहीत होतं. ती ज्या शांतपणे आमटी वाढत राहिली त्यावरून मी ते ओळखलं.

"रविवारी संध्याकाळी त्याचे आईबाबा यायचं म्हणतात," मुलगी म्हणाली. "त्याआधी तुम्ही त्याला बघून घ्या, अप्पा. तुमच्या मनाला नाही आलं तर मी त्यांना येऊ नका म्हणून सांगते."

"आणि मग?"

"मग काय? मी भांडणार नाही. पण दुसऱ्या कुणाला बघायलाही बसणार नाही."

हे मला विश्वासाने सांगितलं की दमात घेतलं, ते कळेना. आमटी निवून गेली.

दुसऱ्या दिवशी दुर्गदबैलच्या बाजारात जाऊन दोन-तीन ओळखीच्या दुकानदारांकडे सहज म्हणून बसलो. लग्नाची चौकशी आमच्याकडे अशीच होते. एखादा टॉवेल घ्यायचा आणि उठता उठता विचारायचं. सगळ्यांनी एकजात चांगलं सांगितलं. घर चांगलं, माणसं चांगली, मुलगा तर लाखात एक. मी टॉवेल घेऊन घरी आलो ते आणखी काळजीत. सगळेच चांगलं सांगतात म्हणजे माझ्या आधी कुणीतरी सांगून गेलंय.

मग मी माझ्या पद्धतीने जायचं ठरवलं. माझं पक्कं मत आहे की माणूस दोनच ठिकाणी उघडा पडतो, स्टिअरिंगवर आणि क्रीजवर. शनिवारी त्याला बोलावलं आणि किल्ली हातात दिली. "चल, उणकल तलावापर्यंत जाऊन येऊ."

त्याने आधी आरसा नीट केला. मग स्वतःचा पट्टा लावला, मग मी माझा लावेपर्यंत थांबला. आमच्या नवनगरच्या रिकाम्या गल्लीत, जिथे बघायला फक्त एक म्हैस होती, तिथे त्याने वळायचा दिवा लावला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर रिक्षा आडवी आली, तरी हॉर्न नाही. हुबळीत हॉर्न न वाजवणारा ड्रायव्हर! माझ्या अंगावर काटा आला. हा कोण आहे?

"दाब की थोडी," मी मुद्दाम म्हणालो. "रस्ता मोकळा आहे."

"गाडी तुमची आहे, काका," तो म्हणाला आणि पन्नासच्या पुढे गेला नाही.

मी जवळजवळ हरलो होतो. पण तलावाकडे वळताना त्याने गिअर खाली आणला, त्याच वेळी इंजिन क्षणभर गुरगुरलं, आणि गाडीला जरासुद्धा झटका बसला नाही. मी खाली बघितलं. बुटाचा पुढचा भाग ब्रेकवर, आणि त्याच बुटाची कड ॲक्सिलरेटरला हलकेच टेकून परत आलेली. हे शर्यतवाले करतात. दुकानात कापड फाडून कुणाला हे येत नाही. म्हणजे हा पन्नासने चालवणारा गडी नव्हेच. फक्त माझ्यासमोर तसं चालवतोय.

"गाडी कुठे शिकलास?" मी विचारलं.

"बाबांनी शिकवली," तो म्हणाला आणि परत दिवा लावून वळला.

"उद्या सकाळी मॅचला ये," मी म्हणालो.

आमच्या मैदानावरच्या रविवारच्या मॅचला पूर्वी पद्धत अशी की बॅटिंग करणाऱ्या बाजूनेच अंपायर द्यायचा. त्यामुळे पायचीत हा प्रकार आमच्याकडे नव्हताच, आणि कीपरने झेल घेतला की खेळ थांबून भांडण सुरू. माझे गुडघे कामातून गेले तेव्हा लोकांनी मलाच कायमचा अंपायर केलं. कारण एकच, दोन्ही बाजूंना माझा सारखाच भरवसा नव्हता. पण मी खोटा निकाल कधी दिला नाही, एवढं मात्र अख्खी कॉलनी मान्य करायची.

तो पाचव्या नंबरला आला. थोड्याच रन हव्या होत्या. बॉल किंचित बाहेर गेला, त्याने बॅट घातली आणि मला स्वच्छ ऐकू आलं, टिक. टेप लावलेल्या टेनिसबॉलचा आवाज बारीक असतो, पण माझे कान आयुष्यभर असल्याच आवाजांवर पोसलेले. कीपिंगला आमचे अण्णा होते. पूर्वी आमच्या शेजारी राहायचे, आता विद्यानगरला गेलेत, पण रविवारी अजून इथेच खेळायला येतात आणि आमच्याकडे खाऊन मगच जातात. त्यांनी झेल घेतला आणि दोन्ही हात वर करून नाचले, "औट री! औट!"

माझं बोट निम्मं वर आलं होतं. आणि तेवढ्यात मनात आलं, बघू या की. मी बोट खाली घेतलं आणि मान हलवली. आता काय करतो बघू. सरळ असेल तर आपणहून चालू लागेल.

त्याने माझ्याकडे बघितलं. चांगला वेळ बघितलं. मग बॅट जमिनीवर दोनदा आपटली आणि पुन्हा उभा राहिला.

"किवी केळ्सूदिल्लेनरी?" अण्णा ओरडले. कान गेले काय तुमचे!

मला काही ऐकूच येत नव्हतं, इतका मी आतून खूश होतो. सापडला! पुढच्याच ओव्हरला त्याने चौकार मारून मॅच जिंकली. अण्णा कुणाशी न बोलता ग्लोव्हज काखेत मारून निघून गेले.

घरी बायकोने उप्पीट केलं होतं. तो हात धुवायला मागे गेला तसा मी मुलीजवळ गेलो. "सांग त्यांना. येऊ नका म्हणावं."

तिचा चेहरा उतरला, पण आवाज साधाच होता. "काय झालं, अप्पा?"

"बॅटची कड लागली होती. झेल होता. हा मख्खासारखा उभा राहिला."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"स्वच्छ."

"मग तुम्ही बोट का नाही वर केलंत?"

मी पाण्याचा तांब्या कुठे आहे ते बघू लागलो.

"मीही तेच विचारणार होतो, काका." तो दारात उभा होता, हातात दुर्गदबैलचा नवा टॉवेल. "ही मला म्हणाली होती, अप्पा सगळ्यांवर संशय घेतात, पण खोटं करत नाहीत. कड लागली तेव्हा मी निघालोच होतो. तुमचं बोटही वर येताना दिसलं. मग ते खाली गेलं. मला वाटलं, हे जावयासाठी खोटं करतात का, बघू तरी. म्हणून थांबलो."

"म्हणजे तू माझी परीक्षा घेत होतास?"

"तुम्ही काय करत होता?"

बायको उलथनं घेऊन मध्ये आली. "काय माणसं म्हणायची! एक आऊट देत नाही, एक आऊट होत नाही, आणि ते अण्णा बिचारे उपाशी घरी गेले. आधी जाऊन त्यांना सांगून या. उप्पीट मग."

मुलगी आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होती, आणि नाही म्हणायचा हक्क आता फक्त माझ्याकडे उरलेला नव्हता हे मला त्या बघण्यावरून समजलं.

विद्यानगरपर्यंत गाडी मीच चालवली. अण्णा फाटकातच भेटले. मी सांगितलं, कड लागली होती, मला ऐकू आली होती, मॅच तुमची. तो म्हणाला, "झेल बरोबर होता, अण्णा. सॉरी." अण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग लांब उभ्या असलेल्या गाडीकडे. त्यांचे डोळे बारीक झाले. टीव्हीसमोर बसल्यावर माझे होतात तस्से.

"इदराग एनो ऐती," ते म्हणाले. यात काहीतरी आहे. "मॅच जिंकून कुणी परत द्यायला येतं होय? पुढच्या रविवारी तुम्हाला काय पाहिजे ते आत्ताच सांगा."

"काही नको, अण्णा."

"दोघं मिळून आलाय म्हणजे नक्की काहीतरी शिजलंय," असं म्हणून त्यांनी फाटकाला आतून कडी घातली.

आम्ही दोघं मिळून! मी चमकून त्याच्याकडे बघितलं. तो हसू दाबत होता. संशयाच्या त्या बाजूला मी आजवर कधी उभा राहिलो नव्हतो, आणि सोबतीला हाच होता.

परत येताना किल्ली मीच त्याला दिली. वळणावर इंजिन परत गुरगुरलं.

"हे बाबांनी शिकवलं?" मी विचारलं.

त्याने उगाच आरसा नीट केला. "नाही, काका. कॉलेजात असताना दोनदा मातीवरच्या शर्यतीत उतरलो होतो. दुसऱ्यांदा गाडी शेंगांच्या शेतात गेली. घरी अजून माहीत नाही."

"गेली की घातलीस?"

"गेली."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. घातलीच असणार. रिक्षा आडवी आली, त्याने हॉर्न दिला नाही, आणि सवयीने माझाच हात हॉर्न दाबायला डॅशबोर्डवर गेला.

"तुझे आईबाबा," मी म्हणालो, "चहा घेतात की कॉफी?"