मागच्या गॅलरीची भिंत

विद्यार्थी त्यांना गांधीलबाई म्हणत. तोंडावर नाही म्हणायचे, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या जवळून म्हणायचे. बाईंना त्याचा राग नव्हता. विद्यापीठात रुजू होऊन तिसरं वर्ष सरत आलं तरी विभागातल्या निम्म्या लोकांना त्यांचं नाव धड ठाऊक नव्हतं. कुणीतरी आपल्याला कामावरून ओळखतंय, एवढ्यावर त्या खूश होत्या. नव्या प्राध्यापकाला थोडक्यात खूश व्हायची सवय फार लवकर लागते.

मुलाखतीच्या दिवशी मात्र थाट वेगळा होता. टेबलापलीकडच्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. प्रयोगशाळा देऊ, सूक्ष्मदर्शक देऊ, पहिल्या वर्षी तास कमी ठेवू, मार्गदर्शनाला एक ज्येष्ठ प्राध्यापक देऊ. तुम्ही फक्त संशोधन करा! अट एकच होती. तीन वर्षांत तीन शोधनिबंध छापून आले तर नोकरी कायम, नाहीतर रामराम. अट नेमणुकीच्या पत्रात छापलेली होती. आश्वासनं तोंडी होती, आणि बाईंनी ती तोंडीच खरी मानली.

पुढे काय झालं ते सांगायला नकोच, तरी सांगतो. कुणालाच नको असलेले तास बाईंच्या वाट्याला आले. प्रवेशाचं काम आलं, परीक्षेचं आलं, पाहुण्यांच्या आगतस्वागताचं आलं. कारण प्रत्येक वेळी तेच, "नवीन आहेत, उत्साह आहे!" मार्गदर्शक म्हणून नेमलेले ज्येष्ठ प्राध्यापक पहिल्याच सत्राअखेरीस निवृत्त झाले, त्यांनी केलेलं एकमेव मार्गदर्शन म्हणजे कँटीनमधला चहा घेऊ नका, घरून थर्मास आणत जा. सूक्ष्मदर्शकासाठी अर्ज केला तर प्रोजेक्टर आला, कारण त्या वर्षीची रक्कम म्हणे प्रोजेक्टरच्याच खात्यात होती. प्रयोगशाळेचं विचारलं की विभागप्रमुख दोन्ही हात जोडत आणि म्हणत, "मॅडम, तुमचं काम माझ्या डोक्यात आहे." ते खोटं बोलत नव्हते. काम खरंच त्यांच्या डोक्यात होतं, फक्त तिथून बाहेर पडत नव्हतं.

अशाच एका दुपारी बाई डबा घेऊन मागच्या गॅलरीत जाऊन बसल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत मोडक्या बाकांखेरीज काही नव्हतं. वर पाहिलं तर भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यापासून ओळीनं गांधीलमाशांची पोळी लटकलेली. बाईंची पीएचडी गांधीलमाशांवरचीच. डबा तसाच राहिला आणि बाईंना कितीतरी महिन्यांनी हसू आलं. या कामाला ना खोली लागणार होती, ना यंत्र. एक स्टूल, बारीक कुंचला, चार रंगांच्या बाटल्या आणि दोन डोळे. आणि हो, त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही, एवढंच.

मग बाईंचा दिनक्रम ठरून गेला. सकाळी तास सुरू व्हायच्या आधी गॅलरी, दुपारी गॅलरी, शेवटच्या तासानंतर अंधार पडेपर्यंत गॅलरी. एकेका माशीच्या पाठीवर त्यांनी रंगाचे ठिपके दिले. हाताला डंख बसले, डोळ्यावर एकदा असा बसला की आठवडाभर एका डोळ्यानं शिकवलं. पण प्रत्येक माशी त्यांना ओळखू येऊ लागली. कोण अन्न आणतं, कोण नुसतीच मिरवते, कोण कुणाला दटावते, सगळं. त्यातून पहिला निबंध निघाला, मग धापा टाकत दुसरा.

तिसरा निबंध सगळ्यांत मोठ्या पोळ्यावर अवलंबून होता. प्रश्न साधा होता. म्हातारी राणी मेली की तिची जागा कोण घेणार? दांडगाई करणाऱ्या माशांपैकी कुणीतरी घेईल, असं कुणालाही वाटलं असतं. बाईंचा मात्र एका भलत्याच माशीवर डोळा होता. पाठीवर निळा ठिपका असलेली ती माशी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, एका कडेला बसून असायची. हीच राणी होणार, असं बाईंनी आधीच लिहून ठेवलं होतं. तसं झालं, आणि ते घडताना डोळ्यांनी पाहिलं, तर निबंधाला कुणी नाही म्हणणार नव्हतं. राणी आता थकली होती. दिवस दिवस हलत नव्हती. बाई रोज सकाळी जिना चढताना मनात म्हणत, आजचा दिवस थांब गं, मी येईपर्यंत थांब.

घरी आई होती. वडील गेल्यावर आईनं गावातलं घर विकलं आणि ती लेकीकडे राहायला आली, ते लेकीला विद्यापीठात नोकरी लागली म्हणून. येताना सामानाचे खोके आणले आणि पलंगामागे रचून ठेवले. त्यांतला एकही तिनं उघडला नव्हता.

"अगं, निदान भांडी तरी काढ," बाई म्हणायच्या.

"कायम झालीस की काढीन. एकदा सोडायचे, परत बांधायचे, आता होत नाही माझ्याच्यानं."

भिंतीला खिळाही ठोकायचा नाही, असा तिचा दंडक होता. नोकरी कायम नाही तोवर ही भिंत आपली नाही, असं ती म्हणे. त्यामुळे दोघी मायलेकी दोन ताटं, दोन वाट्या आणि एका कढईत तीन वर्षं संसार करत होत्या. कुणी आलंच तर बाई कपातून पाणी देत.

आता एक चूक बाईंच्या हातून झाली, आणि ती त्यांच्यासारख्या माणसाच्याच हातून होते. गॅलरीला लागून एक बंद खोली होती, जुन्या उत्तरपत्रिकांनी भरलेली. बाईंनी अर्ज केला की प्रयोगशाळा देणारच असाल तर हीच द्या. माझं सगळं काम इथेच चालतं, उन्हापावसात गॅलरीत बसणं फार जड जातं. अर्जात पोळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. पोळी आहेत म्हणूनच तर काम आहे, हे काय वेगळं लिहायचं? बाईंना वाटलं, हे कुणालाही कळेल. अर्ज देऊन त्या विसरूनही गेल्या, कारण असे अर्ज विसरण्यासाठीच असतात हे एव्हाना त्यांना पुरतं कळलं होतं.

आणि अगदी त्याच सुमाराला नव्या प्राध्यापकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. विषय, संशोधनाला पोषक वातावरण. हजेरी सक्तीची, गैरहजर राहिल्यास कायम करताना विचार होईल. बाई विभागप्रमुखांकडे गेल्या, म्हणाल्या, "सर, हेच दिवस माझे मोलाचे आहेत."

"मॅडम, दोन दिवसांनी काय होतंय?" सर म्हणाले. "जाऊन या. तुमच्याच भल्याचं आहे."

पहिला दिवस वेळेचं नियोजन ऐकण्यात गेला. मोबाइल बाहेर टोपलीत ठेवायचे होते. सगळं शहाणपण सांगून झाल्यावर वक्त्यांनी विचारलं, तुमच्या संशोधनातला सगळ्यांत मोठा अडथळा कोणता? बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, "हे प्रशिक्षण." मग घाबरून चिठ्ठी खिशात घातली आणि दुसरीवर लिहिलं, "वेळेचं नियोजन."

संध्याकाळी घरी आल्या तर आई उगाचच हसत होती. पोळ्या लाटता लाटता गुणगुणत होती.

"काय गं, कसली खुशी?"

"कुठं काय? माणसानं घरात हसूही नये का?"

बाई इतक्या दमल्या होत्या की त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

प्रशिक्षण संपलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी बाई जिना जवळजवळ पळतच चढल्या. वरच्या पायरीवरच त्यांना वास आला. ताज्या रंगाचा वास.

भिंत पांढरीशुभ्र होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मोडके बाक गेले होते, फरशी धुतलेली होती, आणि शेजारच्या खोलीच्या दारावर कोरी पाटी होती, "संशोधन प्रयोगशाळा". पोळी जिथं होती तिथं काही नव्हतं. डागही नव्हता.

काही माशा परत आलेल्या होत्या. काठीनं पोळी पाडताना उडालेल्या, नाहीतर तेव्हा अन्नाला गेलेल्या. त्या भिंतीजवळ येत, घिरट्या घालत, मागे जात, परत तिथंच येत. बाई स्टूल शोधू लागल्या, ते सापडलं नाही. मग टाचा उंचावून पाहिलं. मोठं पोळं होतं त्या जागी एक माशी भिंतीला धरून बसली होती. पायांना पांढरा रंग लागलेला, आणि पाठीवर निळा ठिपका. तिच्या बाकीच्या बहिणी तिच्याभोवती येऊन टेकत होत्या. राणी कुठे दिसली नाही. म्हणजे निळीच, बाईंच्या मनात आलं. मी म्हणत होते तेच. पण पोळं नव्हतं, अंडी नव्हती, राणी कशी आणि केव्हा मेली ते पाहिलेलं नव्हतं. कागदावर मांडण्याजोगं काहीच उरलं नव्हतं.

"कशी वाटली?" मागून विभागप्रमुखांचा आवाज आला. सदरा घामानं भिजलेला, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "मूल्यांकन समिती पुढच्या आठवड्यात येतेय, तो धागा पकडून कार्यालयाच्या मागे हात धुऊन लागलो. मॅडम, दोन रात्री मला झोप नाही. अगदी तुम्ही मागितली तीच खोली. आता उन्हात बसायला नको की त्या माशांचे डंख खायला नकोत."

"सर, पोळी..."

"अहो, केवढी ती! रंगारी तर हातच लावेना, दुसरा माणूस आणला. समितीतल्या कुणाला चावली असती म्हणजे?"

"माझं काम त्यांच्यावर होतं."

सरांचं हसू जरा थबकलं. "पण बघून झालं होतं ना सगळं? दोन वर्षं बघत होतात की. आणि होतील हो परत. गांधीलमाशांना काय तोटा?"

होतील, हे खरंच होतं. पुढच्या हंगामात होतील, त्यांना ठिपके देता देता महिने जातील, मग राणी थकायची वाट पाहायची. बाईंची मुदत या सत्राबरोबर संपत होती. सरांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांच्यावर ओरडावं असं बाईंना फार वाटलं. पण हा माणूस त्यांच्यासाठी राबला होता, तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी राबलं होतं. त्या "आभारी आहे" म्हणाल्या. मग खोलीत गेल्या, नव्या खुर्चीवर बसल्या आणि दार लावून पोटभर रडल्या.

घरी परतताना त्यांनी ठरवलं, आईला आज सगळं सांगायचं. लपवून काय होणार? सत्र संपलं की खोके उचलावेच लागणार होते. बरंच म्हणायचं, बांधलेलेच आहेत.

दार आईनं उघडलं, आणि बाई उंबऱ्यातच थांबल्या. पलंगामागे भिंत दिसत होती. फळीवर पितळी डबे ओळीनं मांडलेले, खिडकीला जुन्या घरातले पडदे, टेबलावर सहा पेले. रिकामे खोके घड्या घालून दाराशी ठेवले होते, भंगारवाल्याला द्यायला.

"आता तरी हस," आई म्हणाली. "परवा संध्याकाळीच फोन आला होता तुझ्या सरांचा. तुझा लागत नव्हता म्हणे. म्हणाले, मॅडमना आत्ता सांगू नका, डोळ्यांनी बघू देत. उद्या माणसं येऊन मागची भिंत साफ करणार, मग रंग देणार, सगळं सांगितलं बाई त्यांनी! माझ्या नुसतं ओठांवर आलं होतं रात्री. पण म्हटलं, शब्द दिलाय. स्वतःची प्रयोगशाळा देतात ते काय माणसाला काढायला?"

परवा संध्याकाळी पोळी भिंतीवर होती. आईनं एक वाक्य बोलायचं, आणि बाई चप्पलही न घालता धावल्या असत्या. हे आईला कधीच कळता कामा नये, एवढं एकच त्यांना त्या क्षणी सुचलं. सांगायचं ठरवून आणलेलं सगळं त्यांनी गिळलं.

"चांगली झालीय गं प्रयोगशाळा," त्या म्हणाल्या.

"मग! बरं, एवढं एक राहिलंय. माझा हात पोचत नाही." आईनं त्यांच्या हातात हातोडी आणि खिळा दिला. भिंतीला टेकवून बाईंची पदवीदानाची तसबीर ठेवली होती, काळा झगा, हातात गुंडाळी, तोंडभर हसू. "मधोमध ठोक. दार उघडल्याबरोबर दिसली पाहिजे."

बाई खुर्चीवर चढल्या. आईनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"इथं?"

"जरा वर. हां, तिथंच. ठोक आता, चांगला खोल ठोक."

बाईंनी खिळा भिंतीला लावला आणि ठोकला.