कानांच्या मापाची बुचे

वीजकेंद्रातल्या यंत्रांनी माझ्या शेजारच्या गृहस्थांचे अर्धे कान नेले. उरलेले वाऱ्याच्या घोंघावण्यापासून वाचावेत म्हणून त्यांनी चंद्रपुरात कानांचा साचा देऊन मोटारसायकलवर घालायची खास बुचे करवून घेतली. दर एकादशीला ते मला भद्रावतीच्या देवळात नेतात. मागे बसून मी स्तोत्रे म्हणतो. ते मान डोलावत गाडी चालवतात.

काल ध्यानात आले की त्यांचा डावा कान उघडाच आहे.

"बूच का काढलेत?"

"मंग तुमचं स्तोत्र आयकू कसं येईन, गुरुजी? डॉक्टरले सांगू नका, बस."

माझ्या पाठापायी त्यांचा उरलासुरला कान झिजत होता. लाजेने मी मौन धरले.

थोडे पुढे जाऊन त्यांनी गाडी थांबवली, उजवे बूचही काढून खिशात टाकले.

"आता म्हना, गुरुजी. मंघापासून काईच आयकू नाई येऊन राह्यलं."