तीन वर्षं तरंगणारं कुलूप

आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंना सगळे डिंकबाई म्हणतात. फाटकी पुस्तकं चिकटवून चिकटवून बोटं कायम चिकट. बोलताना अडखळतात, म्हणून त्यांना शिक्षिकेची नोकरी कुणी दिली नाही. आणि आम्हा शिक्षकांना कविता शिकवायला शिकवलं कुणी? याच बाईंनी! आता बोला.

मी बारा वर्षं भाषा शिकवतोय. धडा असला की वाघ, कविता आली की शेळी. गाईड उघडायचं, अर्थ सांगायचा, पोरांनी उतरवून घेतला की सुटलो. परवा गाईडची पानं सुटली म्हणून बाईंकडे दिलं, तर त्यांनी मला बोलावूनच घेतलं. छापणाऱ्यानं कुलपाच्या कवितेखाली होडीच्या कवितेचा अर्थ छापला होता. तीन वर्षं मी सांगत होतो की हे कुलूप जीवनाच्या प्रवाहात तरंगतं! पोरं तेच लिहीत होती आणि मी पैकीच्या पैकी गुण देत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यात मुख्याध्यापकांनी बजावलेलं, "सोमवारी तपासणीला साहेब येतायत, कवितेचाच तास बघणार. फजिती झाली तर नववी काढून घेईन." नववीचा वर्ग म्हणजे माझा जीव हो!

बाई हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत मला नि आणखी दोघा शिक्षकांना कपाटांमागे बसवलं, गाईडं काढून घेतली आणि स्वतः ती कविता मोठ्यानं वाचली. ओळीओळीला अडखळत.

"मा-माझ्यापेक्षा वाईट तर नाही ना वाचणार, सर?"

मग आम्हाला वाचायला लावलं. नियम एकच. आपल्याला न कळलेली एक ओळ शोधायची आणि वर्गात तसं कबूल करायचं.

"अहो बाई, पोरांसमोर अब्रू जाईल!" मी तडकलो.

"ती-तीन वर्षं कुलूप तरंगत होतं, तेव्हा नाही गेली?"

वाचायला बसलो.

सोमवारी साहेब मागच्या बाकावर. मी कविता वाचली. दोनदा. म्हणालो, "'आई कुलूप लावते, पुन्हा पुन्हा ओढून पाहते.' ही ओळ मला कळलेली नाही."

साहेबांनी चष्मा काढला. संपलं म्हटलं सगळं! तेवढ्यात खिडकीजवळची, वर्षभर तोंड न उघडलेली पोरगी उठली.

"सर, तिला आता परत यायला मिळणार नसेल. आम्ही घर सोडलं तेव्हा माझ्या आईनं असंच केलं होतं."

मग काय, हात खाली येईनात. घंटा झाली तरी कुणी उठेना, साहेबसुद्धा.

नववी माझ्याकडेच राहिली. मी धावतच ग्रंथालयात गेलो. साहेब काय म्हणाले, हे बाईंनी विचारलंच नाही.

"को-कोण बोललं?"

मी त्या मुलीचं सांगितलं. बाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"ती रोज येते इथं पुस्तक बदलायला," त्या म्हणाल्या. "आ-आवाज कसा आहे हो तिचा?"