गैरहजरांची हजेरी

आमच्या चौकीतनं माणसांच्या बदल्या होतात, किश्शांच्या होत न्हाईत. त्यामुळं किस्से साठत गेले आणि माणसं संपत आली. सध्या हवालदार तात्या आणि मी शिपाई. बाकी खुर्च्या. शेळगाव-वालचंदनगर रस्त्याला दुपारी ऊस असा डुलतो, की गस्त घालता घालता आपण कुणाच्या तरी स्वप्नात चाललोय असं वाटतं.

*

रोज सकाळी तात्या हजेरी घेतात. बदलून गेलेल्यांची पण!

"गायकवाड!"

मी जाड आवाजात, "हजर!"

"मोरे!"

मी बारीक आवाजात, "हजर साहेब!"

बाहेरच्याला वाटावं, आत फौज हाय.

एकदा एक आबा तक्रार घेऊन आले. मला बघून म्हणाले, "तू नगं. त्या जाड आवाजाच्या सायबास्नी बोलीव."

मी आत गेलो, गायकवाड होऊन खोकलो, बाहेर आलो. "साहेब बिझी हायत."

आबा खूश. "असणारच की!"

*

गेल्या सीझनला रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर अडले, दोन गट भिडले. मी रजेवर. तात्या एकटेच मधी. त्यांनी कोऱ्हाळ्याच्या पोपटच्या ट्रॅक्टरची चावी काढली, पोपटनं दांडकं हाणलं. हात मोडला! गर्दी पांगली. मागं बाईक उरली ती फक्त पोपटचीच. त्यानंच तात्यांना बाईकवर घेतलं.

"तात्या, घट्ट धरून बसा."

"कशानं धरू? हात तूच मोडलास न्हवं!"

दवाखान्यात पोचवलं आणि तिथंच त्याला अटक झाली.

*

तवापासनं गर्दी दिसली की तात्यांची शिट्टी तोंडापर्यंत जायची, वाजायची न्हाय. एकदा संध्याकाळी उसाच्या पांढऱ्या तुऱ्यांकडं बघत म्हणाले, "टोप्या घालून उभं हायत बघ. एवढा स्टाफ असता तर कुणी हात लावला असता व्हय?"

"पगार कोण देणार, साहेब?"

"कारखाना."

*

परवा तिथंच परत ट्रॅक्टर अडले. दांडकी निघाली. गर्दीत जामिनावर सुटलेला पोपटपण. जादा माणसं मागितली, तर सगळी बारामतीला बंदोबस्ताला! तात्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, हजेरी घ्या," म्हणालो आणि गपचूप उसात शिरलो.

तात्या रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. "गायकवाड!"

"हजर!" ऊस हलवला. पुढचे दोघं मागं सरकले. कलत्या उन्हात तुरे चमकत होते. मलापण क्षणभर वाटलं, आपण लय जण हाय.

"मोरे!"

तेवढ्यात माझ्या घशात पाचटाची धूळ गेली. आवाजच फुटंना!

"मोरे!" तात्यांचा आवाज कापला. गर्दीत कुणीतरी हसलं. खाली गेलेली दांडकी परत वर आली.

पोपटनं आपलं दांडकं रस्त्यावर टाकलं. शर्ट खाली ओढून नीट केला. तात्यांच्या शेजारी येऊन ताठ उभा राहिला.

"हजर साहेब!"

तात्यांनी त्याला वरपासनं खालपर्यंत बघितलं.

"मोरे, टोपी कुठाय?"